वाचकांचे प्रश्न : उजेडातून इंधन, पण कार्बन आला कुठून?

टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या (यालाच टायटॅनिया म्हणतात) अर्धवाहकाची नॅनो भुकटी, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उजेड एवढ्या सामग्रीवर कार्बन मोनॉक्साइड, मिथेन किंवा मिथेनॉल तयार करता येते, यावर गेल्या अंकात लेख दिला होता. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतल्या काहींची उत्तरे इथे देत आहोत. प्रयोगशाळेतून आलेल्या पत्रांइतकीच गुऱ्हाळ, फाउंड्री आणि डिस्टिलरीतली पत्रेही मोलाची आहेत, म्हणून तीही घेतली आहेत.

प्रश्न : मी सोल-जेल पद्धतीने टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून टायटॅनिया बनवला आणि ४५० अंशांवर दोन तास भाजला. १०० मिलिग्रॅम भुकटी, ओला कार्बन डायऑक्साइड आणि ३०० वॉटचा झेनॉन दिवा वापरून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा मिथेन मिळाला. पण तिसऱ्या दिवशी उत्पादन जवळजवळ थांबले. उत्प्रेरक बिघडला का? मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आधी कार्बन डायऑक्साइड न सोडता, नुसत्या नायट्रोजनमध्ये कोरी चाचणी घे.
*– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर*

मॅडमचे बरोबर आहे. उत्प्रेरक बिघडलेला असू शकतो, पण त्याआधी दुसरी शक्यता तपासायला हवी : तो मुळात चाललाच नसेल. आयसोप्रोपॉक्साइडपासून बनवलेल्या भुकटीत आयसोप्रोपिल गटांचे अवशेष राहतात आणि ४५० अंशांवरच्या दोन तासांत ते सगळे जळतीलच असे नाही. उजेड पडला की टायटॅनिया आधी हा घरचाच कार्बन खातो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व मिथेन सोडतो.

हिशेब करून पाहा. भुकटीत वजनाने अर्धा टक्का कार्बन राहिला असेल, तर १०० मिलिग्रॅममध्ये ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ४२ मायक्रोमोल कार्बन झाला. तुमचा दर ताशी प्रतिग्रॅम ५ मायक्रोमोल धरला, तर १०० मिलिग्रॅमला ताशी अर्धा मायक्रोमोल. एवढ्या मळावर ऐंशीहून अधिक तास ‘इंधन’ मिळू शकते, तेही बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडचा एक रेणूही न वापरता. मळ त्याहून कमी असेल तर तो दोन-तीन दिवसांत संपतो आणि आलेख खाली बसतो. तुमच्याकडे नेमके हेच दिसते आहे.

यात एक खाच आहे आणि अनुभवी माणसेही तिथे फसतात. नायट्रोजनमध्ये कमी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये जास्त कार्बन मोनॉक्साइड आला, म्हणून तो कार्बन डायऑक्साइडपासूनच आला असे सिद्ध होत नाही. तापलेल्या कोळशावरून कार्बन डायऑक्साइड गेला की दोघे मिळून कार्बन मोनॉक्साइड बनवतात. उजेडात टायटॅनियाच्या पृष्ठावर मळातला कार्बन हेच काम साध्या तापमानाला करू शकतो. म्हणजे वायू बदलल्यावर आकडा वाढला तरी त्यातला अर्धा कार्बन मळाचाच असू शकतो.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो. भुकटी पातळ पसरून, वाहत्या हवेत ४५० अंशांवर आणखी चार तास भाजा. मग तिला रिॲक्टरमध्ये ठेवून ओलसर हवा सोडा आणि रात्रभर दिव्याखाली राहू द्या, म्हणजे चिवट अवशेष कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातील. त्यानंतर ओलसर नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून दर तासाला नमुना जीसीवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, चालवा. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन यंत्राच्या मापनमर्यादेखाली गेल्याशिवाय कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उघडू नका. यात दोन दिवस गेले तरी चालतील.

मळ भुकटीतच असतो असेही नाही. रिॲक्टर शेवटी ॲसिटोनने विसळायची सवय असेल तर ती सोडा. शेवटचे पाणी डिस्टिल्डच असू द्या आणि मग भांडे १२० अंशांवर वाळवा. काचेच्या सांध्यांना ग्रीस लावू नका. रबरी सेप्टमवर, म्हणजे सुईने नमुना काढायच्या बुचावर, थेट उजेड पडत असेल तर त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, कारण अतिनील किरणांत सेप्टममधूनही हायड्रोकार्बन सुटतात. दिव्याच्या उष्णतेने भुकटी किती तापते ते थर्मोकपलने मोजा आणि तेवढ्याच तापमानाला अंधारातही एक चाचणी घ्या.

जीसीबद्दलही एक गोष्ट. नुसत्या एफआयडीला (जीसीचा ज्योतीवर चालणारा शोधक) कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि टीसीडीला (वायूची उष्णतावाहकता मोजणारा शोधक) मायक्रोमोलच्या पातळीवर तो जेमतेम दिसतो. एफआयडीच्या आधी मिथेनायझर, म्हणजे ३५०-४०० अंशांवर निकेल उत्प्रेरक असलेली नळी, जोडलेली असावी. त्यात हायड्रोजनच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइडचा मिथेन होतो आणि मग तो एफआयडीला स्पष्ट दिसतो.

शेवटचा पुरावा म्हणजे कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या जड समस्थानिकाचा, कार्बन डायऑक्साइड. त्यातून बनलेला कार्बन मोनॉक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरवर २८ ऐवजी २९ ला दिसला पाहिजे. पण वायूंचे मिश्रण तसेच यंत्रात सोडू नका. कार्बन-१३ चा कार्बन डायऑक्साइड यंत्राच्या आयन-स्रोतात तुटतो आणि स्वतःच २९ ला शिखर देतो. हवा गळून आत आली असेल तर नायट्रोजनही २८ ला आणि थोडा २९ ला येतो. मिथेनचे १७ चे शिखर पाण्याच्या तुकड्यावर पडते. म्हणून आधी जीसीच्या स्तंभात वायू वेगळे होऊ द्या, मग कार्बन मोनॉक्साइडच्या वेळेला येणाऱ्या शिखराचे वस्तुमान पाहा.

आणखी एक कसोटी कमी खर्चाची आहे, तरी ती बहुतेक जण वगळतात. ऑक्सिजन मोजा. बळीचा अभिकर्मक, म्हणजे ट्रायइथेनॉलअमाइनसारखा इलेक्ट्रॉन पुरवणारा पदार्थ, घातला नसेल तर इलेक्ट्रॉन पाण्याकडूनच आले पाहिजेत. मग कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक आणि मिथेनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे दोन रेणू सापडायला हवेत. त्याच वेळी नायट्रोजनचे शिखर पाहा. तो आला असेल तर हवा गळते आहे आणि ऑक्सिजनचा आकडा ग्राह्य धरता येणार नाही.

हे सगळे करूनही कार्बन-१३ चा कार्बन मोनॉक्साइड येत असेल आणि तरी तिसऱ्या दिवशी थांबत असेल, तर मात्र उत्प्रेरक थकतो आहे. पृष्ठावर कार्बोनेट आणि पेरॉक्साइडसारखे गट चिकटून जागा अडवतात. भुकटी पुन्हा हवेत भाजा, कोरी चाचणी घ्या आणि कार्बन डायऑक्साइड सोडा. दर पूर्ववत झाला तर अडथळा पृष्ठावरच होता.

प्रश्न : हे काम नॅनोच का लागते? साधी बारीक भुकटी का चालत नाही?
*– डिप्लोमाचा विद्यार्थी, इचलकरंजी*

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले. १९७९ साली इनोवे, फुजिशिमा आणि सहकाऱ्यांनी पाण्यात अर्धवाहकांच्या भुकट्या ढवळून कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल आणि मिथेन मिळवले. भुकटी तेव्हाही चालत होती. प्रश्न तेव्हाही वेगाचाच होता.

प्रकाश शोषला की कणाच्या आत एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे एक रिकामी जागा, होल, राहते. पृष्ठावर पोचण्याआधी दोघे पुन्हा एकमेकांत विलीन झाले तर त्या प्रकाशाची नुसती उष्णता होते. बहुतेकांचे तेच होते. कण २० नॅनोमीटरचा असेल तर पृष्ठ जवळ असते आणि इलेक्ट्रॉनला पोचायला वेळ मिळतो. शिवाय पृष्ठफळ वाढते. बाजारात मिळणाऱ्या पी-२५ या टायटॅनियाच्या एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठ असते. पण जितके लहान तितके चांगले असेही नाही. काही नॅनोमीटरपर्यंत खाली गेलो की बँड गॅप (इलेक्ट्रॉन वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा) रुंदावतो, म्हणजे आणखी कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि पृष्ठावरचे दोष इलेक्ट्रॉन गिळू लागतात.

कार्बन डायऑक्साइडला पहिला एकटा इलेक्ट्रॉन देणे फार अवघड असते. पीएच ७ ला त्यासाठी हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १.९ व्होल्ट लागतात आणि टायटॅनियाचा इलेक्ट्रॉन उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून रेणूला पृष्ठावर पकडून वाकवावे लागते आणि इलेक्ट्रॉनबरोबरच प्रोटॉनही द्यावा लागतो. तसे केले की अट सौम्य होते : कार्बन मोनॉक्साइडला उणे ०.५३, मिथेनला उणे ०.२४. मिथेन स्वस्त दिसतो, पण त्याला आठ इलेक्ट्रॉन एकाच जागी क्रमाने पोचावे लागतात. कार्बन मोनॉक्साइडला दोन पुरतात. दरम्यान पाण्यातला हायड्रोजन उणे ०.४१ ला फक्त दोन इलेक्ट्रॉनमध्ये सुटून निघून जातो. म्हणूनच प्लॅटिनम लावलेल्या भुकटीत हायड्रोजन भरपूर आणि कार्बनी इंधन कमी, असे अनेकांना दिसते.

प्रश्न : आमचे गुऱ्हाळ आहे. चुलवाणाचा धूर हंगामभर वाया जातो. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून उन्हात गॅस करून स्वयंपाकाला वापरता येईल का? किती जागा लागेल?
*– गूळ उत्पादक, करवीर तालुका*

जागेचा हिशेब गुंठ्यांतच करू. पावसाळा सोडला तर आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ किलोवॉट-तास, म्हणजे १८ मेगाज्यूल ऊन पडते. घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो गॅसमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल ऊर्जा असते. उन्हातली एक टक्का ऊर्जा इंधनात उतरली असे धरले, तर महिन्याला एका सिलिंडरइतक्या गॅससाठी १२० चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या जवळपास जागा लागेल. ०.१ टक्का धरला तर बारा गुंठे. ०.०१ टक्का धरला तर तीन एकर. पाण्यात किंवा वाफेत भुकटी ठेवून केलेले बहुतेक प्रयोग एक टक्क्याच्या बरेच खाली आहेत. तेवढीच ऊर्जा आजचे साधे सौर पॅनेल सहा चौरस मीटरवर वीज म्हणून देते.

धुराचीही अडचण आहे. चुलवाणाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड थोडा आणि नायट्रोजन, ऑक्सिजन, राख व डांबर फार असते. राख भुकटीवर बसली की उजेड आत जात नाही. ऑक्सिजन तर कार्बन डायऑक्साइडच्या आधीच इलेक्ट्रॉन पळवतो.

आणि एक लक्षात घ्या. उसाचे पान वर्षभर हेच काम करते आणि उन्हातली साधारण एक टक्का ऊर्जा साठवते. चिपाड जळताना निघणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. तुमच्या हातात आज असलेली बचत चुलवाणात आहे. ओले चिपाड टाकले तर त्यातल्या दर किलो पाण्याची वाफ करण्यात दोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता जाते आणि ती काहिलीपर्यंत पोचत नाही. चिपाड नीट वाळवून टाका, हवेची दारे आवरा आणि धुराड्याकडे जाणाऱ्या उष्णतेवर रस आधी कोमट करून घ्या. घरच्या स्वयंपाकाला गोबरगॅस हवा असेल तर दिवसाला २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो आणि ते तंत्र पक्के आहे.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत एक विक्रेता येऊन गेला. चिमणीला आतून ‘नॅनो फोटोकॅटॅलिस्ट’ रंग दिला की कार्बन डायऑक्साइडचे इंधन होते, असे तो सांगतो. घ्यावा का?
*– उद्योजक, शिरोली एमआयडीसी*

घेऊ नका. चिमणीच्या आत अंधार असतो आणि अंधारात प्रकाश-उत्प्रेरक काहीच करत नाही. आत दिवे बसवले तरी तापलेल्या पृष्ठावर कार्बन डायऑक्साइड टिकत नाही, धुरातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन जातो आणि चुकून काही इंधन बनलेच तर तोच ऑक्सिजन ते जाळून टाकतो. तयार वायू गोळा कुठे करणार, हेही त्याला विचारा.

बाहेरच्या भिंतींना द्यायचे टायटॅनियाचे रंग खरेच असतात. ते हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सेंद्रिय मळ ऑक्सिडीकरणाने काढतात. त्यात सेंद्रिय मळाचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हव्या त्याच्या बरोबर उलट दिशेची अभिक्रिया. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात छापल्या की गोंधळ होतो. विक्रेत्याकडून कार्बन-१३ ची चाचणी आणि ऑक्सिजनचा ताळेबंद मागा.

प्रश्न : युरियापासून ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा प्रकाश-उत्प्रेरक करतोय. १० ग्रॅममधून जेमतेम ०.४ ग्रॅम मिळते. रंग कधी फिकट पिवळा, कधी तपकिरी. शेतीचा युरिया वापरला तर चालेल का?
*– संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर*

०.४ ग्रॅम म्हणजे तुमचे काहीच चुकलेले नाही. युरियाचे बहुतेक वजन अमोनिया, आयसोसायनिक आम्ल आणि पाणी होऊन उडून जाते, चार-पाच टक्केच हाती राहते. मेलामाइनपासून त्याच्या कितीतरी पट मिळेल, पण ते दाट आणि कमी पृष्ठफळाचे असेल. प्रकाशाच्या कामाला युरियाचे हलके, सच्छिद्र उत्पादनच बहुधा बरे ठरते.

ॲल्युमिना क्रुसिबल अर्ध्याहून जास्त भरू नका, कारण युरिया वितळला की फेसाळतो. झाकण घट्ट बसवा आणि वरून फॉइल गुंडाळा. मिनिटाला ५ अंशांच्या वेगाने ५५० पर्यंत चढवा, तिथे तीन-चार तास ठेवा आणि भट्टी आपोआप थंड होऊ द्या. झाकण सैल असेल तर उत्पादन आणखी घटते. ६०० च्या पुढे गेलात तर नायट्राइडच विघटू लागते. तपकिरी रंग बहुधा भट्टी नेमलेल्या तापमानापेक्षा जास्त तापल्याचे किंवा बाहेरचा कार्बन मिसळल्याचे लक्षण आहे. वेगळ्या थर्मोकपलने भट्टी एकदा तपासा. भट्टी फ्यूम हूडखालीच ठेवा, अमोनिया डोळ्यांना लगेच झोंबतो.

शेतीचा युरिया नको. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया बहुतेक कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. ते तेल म्हणजे भट्टीत जाणारा कार्बन. शिवाय तो अनुदानित माल पिकासाठी असतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्या.

या पदार्थाचा बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे तो ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही घेतो. टायटॅनियाची धाव ३८७ नॅनोमीटरपर्यंतच आहे आणि तेवढ्या अतिनील पट्ट्यात उन्हातली चार-पाच टक्केच ऊर्जा असते. म्हणून दोघांचे मिश्रण करण्याकडे सगळ्यांचा ओढा असतो. ते कराल तेव्हा एक्स-रे आलेख जपून वाचा. नायट्राइडचे मुख्य शिखर २७.४ अंशांवर येते आणि पी-२५ मधल्या रुटाइलचेही (टायटॅनियाचे एक स्फटिकरूप) तिथेच येते. ते शिखर वाढले म्हणून नायट्राइड नीट बसले असे म्हणता येणार नाही. निव्वळ ॲनाटेज (टायटॅनियाचे दुसरे स्फटिकरूप) घेतले तर त्याचे २५.३ चे शिखर वेगळे दिसते आणि हा घोळ होत नाही. आणि नायट्राइडच्या सांगाड्यातच कार्बन आहे, तेव्हा पहिल्या उत्तरातली कार्बन-१३ ची चाचणी इथे टाळताच येणार नाही.

प्रश्न : ५० मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅम उत्प्रेरक घेतला तर ‘प्रतिग्रॅम’ दर जवळपास चौपट झाला. कुठला आकडा छापायचा?
*– संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

दोन्ही छापा, पण भर यांपैकी कुठल्याच आकड्यावर न देता क्वांटम कार्यक्षमतेवर द्या. भुकटी जास्त झाली की वरचे कण खालच्यांवर सावली धरतात. मिळणारा वायू तेवढाच राहतो आणि भागाकारातला छेद वाढतो. म्हणून एकूण मायक्रोमोल, भुकटीचे वजन, प्रकाश पडलेले क्षेत्र आणि दिव्याची तीव्रता हे चारही आकडे एकत्र द्या. त्याबरोबर क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या फोटॉनांच्या तुलनेत किती इलेक्ट्रॉन इंधनात गेले, तो आकडा काढा.

उदाहरण घ्या. ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीतून रिॲक्टरवर १०० मिलिवॉट पडतात. एका फोटॉनची ऊर्जा ५.४४ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल. म्हणजे तासाला सुमारे ११०० मायक्रोमोल फोटॉन. तासाला १ मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड मिळाला, त्याला २ इलेक्ट्रॉन लागले, म्हणून २ भागिले ११००, म्हणजे ०.१८ टक्के. मिथेन असता तर दोनाऐवजी आठाने गुणायचे. हा आकडा भुकटीचे वजन बदलून फुगवता येत नाही. झेनॉन दिव्याच्या पूर्ण प्रकाशात तो काढू नका. फिल्टर लावून एकच तरंगलांबी घ्या आणि तीव्रता नमुन्याच्या जागीच मोजा, दिव्याच्या तोंडाशी नको.

प्रश्न : साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. किण्वनाच्या टाक्यांतून निघणारा वायू यासाठी उपयोगी पडेल का?
*– रसायनतज्ज्ञ, कागल तालुका*

या विषयात आपल्या जिल्ह्याची खरी ताकद इथे आहे. एक किलो इथेनॉलमागे जवळजवळ तेवढाच, ०.९६ किलो, कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरमागे पाऊण किलो. बॉयलरच्या धुरासारखा तो नायट्रोजनात विरलेला नसतो, किण्वन रंगात आले की जवळजवळ शुद्धच असतो. त्यात पाण्याची वाफ, थोडे इथेनॉल आणि मळीतल्या गंधकामुळे आलेला हायड्रोजन सल्फाइड असतो. पाण्याने धुऊन इथेनॉल काढा, मग सक्रिय कोळशातून आणि शोषकातून न्या. गंधक राहिला तर कुठल्याही धातूच्या उत्प्रेरकाला तो मारतो, आणि इथेनॉल राहिले तर प्रकाशाच्या प्रयोगात पुन्हा तोच प्रश्न : कार्बन आला कुठून?

आज कारखान्याच्या प्रमाणावर करता येण्यासारखा मार्ग उष्णतेचा आहे. तांबे-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिना उत्प्रेरकावर २०० ते ३०० अंश आणि ५० ते १०० बार दाबाला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल होते. एका किलोला १.४ किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड आणि ०.१९ किलो हायड्रोजन लागतो. तेवढा हायड्रोजन पाण्याच्या विद्युत-विघटनाने करायला साधारण १० किलोवॉट-तास वीज लागते. खर्च तिथेच आहे. प्रकाशाच्या मार्गाला हा हायड्रोजनचा वेगळा टप्पा वगळता येतो, म्हणून त्यावर चिकाटीने काम व्हायला हवे असे आम्हाला मनापासून वाटते. विद्यापीठात अर्धवाहकांच्या पातळ थरांवर अनेक वर्षांचे काम आहे आणि शुद्ध वायू तुमच्या टाकीतून वर जातो आहे. धुतलेल्या वायूचा एक सिलिंडर आणि त्याचा जीसी अहवाल एवढ्यावर दोघांचे काम सुरू होऊ शकते.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना हे वर्गात दाखवता येईल का?
*– विज्ञान शिक्षक, गडहिंग्लज*

इंधन दाखवता येणार नाही. मायक्रोमोलभर वायू जीसीशिवाय दिसत नाही. उजेडाने भुकटी काम करते एवढे मात्र छान दाखवता येते. सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात ते मिथिलीन ब्लू लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात पाण्यात घ्या. १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम ॲनाटेज टायटॅनिया. रंगाच्या दुकानातला पांढरा टायटॅनिया आणू नका. तो रुटाइल असतो आणि रंग खराब होऊ नये म्हणून त्याच्या कणांना सिलिका-ॲल्युमिनाचा थर मुद्दाम दिलेला असतो.

चार उथळ काचेची भांडी ठेवा : भुकटीसह उन्हात, भुकटीशिवाय उन्हात, भुकटीसह अंधारात, भुकटीशिवाय अंधारात. उन्हात नेण्याआधी अर्धा तास सगळी अंधारात ढवळा, कारण थोडा रंग नुसताच भुकटीला चिकटतो. दुपारच्या उन्हात, वर काचेचे झाकण न ठेवता, एक-दोन तास अधूनमधून ढवळत राहा. भुकटी खाली बसत नसेल तर चिमूटभर मीठ टाका. शेवटी वरचे पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवा. निळा रंग परत आला तर रंगद्रव्य तुटलेले नाही, फक्त रंगहीन रूपात गेले होते. चारही भांडी मुलांनाच लावू द्या. तुलनेसाठी ठेवलेली तीन भांडी का लागतात ते त्यांना आपोआप कळते.

प्रश्न : कॅडमियम सल्फाइडची भुकटी प्रयोगानंतर गाळून घेतो आणि पाणी सिंकमध्ये ओततो. पाणी स्वच्छ दिसते. ठीक आहे ना?
*– प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर*

ठीक नाही, आजच थांबवा. उजेडात होल पाण्याऐवजी सल्फाइडलाच खातात आणि कॅडमियम आयन पाण्यात सुटतात. ते पाणी रंगहीनच दिसते. शहराच्या सांडपाण्याची वाट पंचगंगेकडे जाते आणि कॅडमियम मूत्रपिंडात साठून राहते. भुकटी आणि गाळलेले पाणी दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिक कॅनमध्ये साठवा. पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १०-११ ला न्या, म्हणजे बहुतेक कॅडमियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसते. कॅनमध्ये आम्ल कधीही टाकू नका, सल्फाइडपासून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटेल. कॅनवर पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि तारीख लिहा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचरा हाताळणाऱ्यांकडेच द्या. कोरडी भुकटी तोलताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा आणि सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या कापडाने टिपा. ते कापडही त्याच कचऱ्यात जाईल.